कुंपण नंतर घाला, आधी गावाला सांगा

केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या कुठल्याही किल्ल्यावर गेलात की दारातच एक निळा बोर्ड दिसतो. ही वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची आहे, हिची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, असं त्यावर असतं. कायदा आहे, असायलाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ही वास्तू आहे काय, कुणी बांधली, कशासाठी बांधली, तो दरवाजा असा वळणावर लपवलेला का, ते सांगणारं बऱ्याच ठिकाणी काहीच नसतं, नाहीतर रंग उडालेल्या चार ओळी असतात. म्हणजे शिक्षा किती ते आपल्याला कळतं, पण आपण नक्की काय जपायचंय ते कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. एखाद्या गावातल्या जुन्या जागेबद्दल, दगडाबद्दल, कागदाबद्दल जे काही अभ्यासकांना, सरकारला, युनिव्हर्सिटीला माहीत झालंय, ते सगळ्यात आधी त्या गावाला मिळालं पाहिजे, मराठीत आणि फुकट. कुंपण, तिकीटघर, लायटिंग, कमान, सेल्फी पॉइंट हे सगळं त्याच्या नंतर. आज बरोबर उलटं चाललंय, आधी निधी येतो, मग कॉन्ट्रॅक्टर येतो, मग उद्घाटन होतं, आणि शेजारच्या वाडीतल्या माणसाला तिथे काय आहे ते शेवटपर्यंत कुणी सांगतच नाही.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार आपल्या कोकण किनाऱ्यावरचे, शिवाय रायगड आपलाच. फटाके वाजले, पेढे वाटले, स्टेटस लागले. आनंद मलाही झाला आणि तो खरा होता. पण त्या आठवड्यात आमच्या देवगड तालुक्यातल्या ओळखीच्या पोरांना मी सहज विचारत होतो की किल्ला यादीत गेला म्हणजे नक्की कशासाठी गेला, त्यात असं काय आहे जे जगात दुसरीकडे नाही, तर नववी-दहावीच्या पोरांनाही सांगता येईना. आणि त्यात त्यांची काय चूक, त्यांना कुणी सांगितलं होतं?

आता विजयदुर्गचंच घ्या, कारण माहिती गावापर्यंत पोचली नाही की काय होतं त्याचं याच्याइतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही. विजयदुर्गावर कुणालाही विचारा, पहिली हेलियमची गोष्ट सांगतील. 18 ऑगस्ट 1868 ला नॉर्मन लॉकियर नावाच्या साहेबाने किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण बघितलं आणि हेलियमचा शोध लावला, म्हणून किल्ल्यातल्या त्या चौथऱ्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो, शाळेची पोरं येतात, भाषणं होतात, पेपरात फोटो येतात. गावाने विज्ञानाचा एक दिवस धरून ठेवलाय ही केवढी मोठी गोष्ट आहे, मला त्याचा अभिमान वाटतो.

पण 1868 साली लॉकियर विजयदुर्गला नव्हता, तो इंग्लंडात होता. त्या ग्रहणासाठी हिंदुस्थानात आला होता फ्रेंच शास्त्रज्ञ पियर जान्सेन, आणि तो होता आंध्रात गुंटूरला. लॉकियरने त्यानंतर दोन महिन्यांनी, 20 ऑक्टोबरला, ग्रहण नसताना इंग्लंडातूनच सूर्याच्या कडेच्या उजेडाचा वर्णपट, म्हणजे तो उजेड फोडल्यावर दिसणारे रंगांचे पट्टे आणि रेघा, बघितला. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली, पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं. वर्णपटातली ती पिवळी रेघ माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून तिला हेलियम म्हणायला लागले, आणि पृथ्वीवर तो वायू हाती लागला 1895 मध्ये, विल्यम रॅम्झीला.

मग ओटे कुणाचे? तर लॉकियर विजयदुर्गला खरंच आला होता, पण 30 वर्षांनी, 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. तोपर्यंत तो सर नॉर्मन लॉकियर झाला होता. मेलपोमिनी नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी त्याच्या मदतीला होते, दुर्बिणी आणि कॅमेरे मांडले होते, कुणी कुठल्या सेकंदाला काय करायचं त्याच्या तालमी झाल्या होत्या. त्याच दिवशी तेच ग्रहण सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला आपला माणूस बघत होता, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला, आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची माणसंही जेऊरलाच होती. सांगा बघू, यातली कुठली गोष्ट मोठी आहे? पोरांना नायगमवाला माहीत झाले असते, वर्णपट म्हणजे काय ते किल्ल्यावर उभं राहून शिकवता आलं असतं, खग्रास स्थिती जेमतेम काही मिनिटं टिकते आणि त्यासाठी माणसं किती महिने तयारी करतात ते कळलं असतं.

दोन ग्रहणं, एकच साहेब, आणि तीस वर्षांचं अंतर लोकांच्या तोंडी पुसलं गेलं, एवढंच झालं असावं असं मला वाटतं. यात गावाला नाव ठेवायला जागा नाही. 1898 च्या मोहिमेचा रिपोर्ट रॉयल सोसायटीने छापलाय, इंग्रजीत आहे, लंडनला आहे, आणि त्यात विजयदुर्गचं स्पेलिंग असं जुनं आहे की आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर सापडणारच नाही. सव्वाशे वर्षांत त्याचं दहा पानांचं मराठी करून कुणी विजयदुर्गच्या शाळेत ठेवलं नाही. गावाला जेवढं कानावर आलं तेवढ्यावर गावाने आपली गोष्ट बांधली, आणि निष्ठेने सांभाळली. ज्यांच्याकडे कागद होते त्यांनी ते गावाला दिले नाहीत, दोष कुणाला द्यायचाच असेल तर त्यांना द्या.

विजयदुर्गाचीच अजून एक बाजू आहे जी कुणी सांगत नाही कारण ती सांगायला जड जाते. फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्हच्या इंग्रजी आरमाराने समुद्रातून तोफा डागल्या, बंदरात उभी असलेली आंग्र्यांची गलबतं एकाला एक लागून पेटली आणि किल्ला पडला. आणि जमिनीच्या बाजूने इंग्रजांच्या सोबतीला पेशव्यांची फौज होती, कारण किल्ला ज्याच्या ताब्यात होता तो तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता. हे लपवून काय मिळणार आहे? चौदा वर्षांच्या पोराला हे कळतं, नीट सांगितलं तर फार चांगलं कळतं, आणि ते कळलेलं पोर पुढे किल्ल्याकडे फक्त घोषणा द्यायची जागा म्हणून बघत नाही.

आता किल्ले सोडा, किल्ल्यांना निदान नाव आहे. सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या कातळाच्या माळावर चला.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पं आता बऱ्याच जणांना ऐकून माहीत आहेत. जांभ्या कातळात खोदलेल्या आकृत्या, माणसं, मासे, हत्ती, वाघ, गेंडे, आणि काही नुसत्या चौकटी-नक्षी ज्यांचा अर्थ अजून कुणाला लागलेला नाही. मध्याश्मयुगापासूनची, म्हणजे माणूस दगडी हत्यारं वापरायचा त्या काळापासूनची असावीत असं अभ्यासक म्हणतात, नेमकं वय ठरवायचं काम अजून चालू आहे. 2022 मध्ये यातल्या नऊ जागा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, मालवण तालुक्यातलं कुडोपी, आणि गोव्यातलं फणसामळ. कशेळीचा हत्ती साधारण 18 मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगात बाकीचे प्राणी कोरलेत. रत्नागिरीतल्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या हौशी माणसांनी वर्षानुवर्षं सडे पायाखाली घातले, गुराख्यांना विचारत फिरले, तेव्हा कुठे हे सगळं जगासमोर आलं. गुराख्यांना विचारत, हे लक्षात ठेवा. म्हणजे माहिती गावातूनच बाहेर गेली.

आणि परत काय आलं? एखाद्या सड्यावर जाऊन म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो सांगेल, "ह्यां पांडवांनी एका रात्रीत काढल्यानी." ही गोष्टसुद्धा वारसाच आहे, ती लिहून ठेवली पाहिजे, कारण त्या पांडवांच्या धाकानेच कित्येक पिढ्या त्या आकृत्यांवर कुणी कुदळ मारली नाही. पण त्याचा नातू आज मुंबईला आहे, त्याचा पांडवांवर विश्वास नाही आणि मध्याश्मयुग त्याला कुणी सांगितलं नाही. त्याला सड्याची जमीन म्हणजे सातबाऱ्यावरची पोटखराब, चिरेखाणीला दिली तर चार पैसे येतील, नाहीतर सुरुंगाने खड्डे मारून कलमं लावता येतील. जुनी भीती गेली आणि नवीन माहिती आली नाही, या मधल्या फटीत आज कोकणातला सगळ्यात जास्त वारसा मरतोय. चिरे काढायच्या मशीनवरचा माणूस परराज्यातला, त्याला मालकाने जागा आखून दिली, तो कापत जाणार. त्याला कशाला बोलायचं.

ही शिल्पं बघायचीसुद्धा एक रीत आहे जी कुठल्याच बोर्डावर नसते. सकाळी लवकर जा, नाहीतर उन्हं कलल्यावर. ऊन तिरकं पडलं की खोदलेल्या रेघेत सावली धरते आणि मग एकदम समोर हत्ती उभा राहतो, आधी सोंड कळते, मग पाठ, मग पाय. दुपारी बाराला त्याच हत्तीच्या पोटावर उभे असाल तरी नुसता काळा कातळ दिसेल. पावसाळ्यात गवत वाढतं, पण उघड्या कातळावर पाऊस पडून गेला की रेघांत पाणी साचतं आणि आकृती चकाकते. हे माहीत नसलेली माणसं भर उन्हात येतात, काही दिसत नाही म्हणून रेघांत खडू नाहीतर चुना भरतात, फोटो काढतात आणि जातात. दोन ओळी लिहिलेल्या असत्या, की सकाळी नऊच्या आत या, चप्पल काढून कडेने फिरा, रेघेत काही भरू नका, तर यातलं निम्मं टळलं असतं. उक्षीला गावाने हत्तीभोवती चिऱ्यांचा कठडा घातला आणि बाहेरून बघायची सोय केली. तिथे गावाला आधी पटलं मग कठडा झाला, म्हणून तो टिकला.

बारसूचं नाव 2023 मध्ये सगळ्या देशाने ऐकलं, पण रिफायनरीसाठी. मी इथे रिफायनरी हवी की नको त्या वादात पडत नाही, त्यावर माझं मत आहे पण तो वेगळा विषय आहे. मला खटकलं ते असं की दोन्ही बाजूच्या सामान्य माणसांच्या हातात सड्याचा एक साधा नकाशा नव्हता, जमिनीच्या कुठल्या गट नंबरात कुठली आकृती आहे ते दाखवणारा. जो नकाशा आधीपासून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागलेला असायला पाहिजे होता तो वाद पेटल्यावर टीव्हीवाले शोधत फिरत होते.

देवळांचं तर विचारूच नका. जीर्णोद्धार म्हणून आपण काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे. लाकडी कोरीव खांबांचा सभामंडप पाडायचा, स्लॅब टाकायचा, टाईल्स लावायच्या, भिंतीवरचं कावी काम, म्हणजे ते पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीने काढलेलं, खरवडून ऑईलपेंट मारायचा. आणि जुने खांब कुणीतरी ट्रक घेऊन येतो आणि लाकडाच्या भावात घेऊन जातो. यावर शहरातली माणसं गावाला शिव्या घालतात, ते मला पटत नाही. गावाच्या मीटिंगमध्ये बसून बघा. छप्पर गळतंय, वाशाला वाळवी लागलीय, कौलं परतायला माणूस मिळत नाही, कोरीव काम करणारा सुतार पंचक्रोशीत उरला नाही, चाकरमानी म्हणतात आम्ही वर्गणी देतो पण काम कायमचं करा. त्या मीटिंगमध्ये एक जरी माणूस असा असता की ज्याला त्या खांबांची किंमत सांगता आली असती, फोटो दाखवता आले असते, वाळवीवर उपाय काय, सुतार कुठे मिळेल ते माहीत असतं, तर निर्णय वेगळा झाला असता. असे निर्णय फिरलेले मी पाहिलेत. एका गावात फक्त एका रिटायर्ड मास्तरांनी कावी म्हणजे काय ते दहा मिनिटं समजावून सांगितलं आणि गाभाऱ्याची एक भिंत वाचली, बाकी सगळं नवं झालं पण ती भिंत आहे.

देवळाच्या आवारातच वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, पडलेले असतात. पायरीला लावलेले, विहिरीवर कपडे धुवायला घेतलेले, कधी शेंदूर फासून देव केलेले. वीरगळ खालून वर वाचायचा असतो हे शाळेत कधी सांगितलंय कुणी? सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई, त्यात तो पडतो, वरच्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन जातात, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत त्यांवर तर जहाजांची लढाई कोरलीय, वल्ही मारणाऱ्या माणसांची रांग दिसते. तुमच्या गावात पालथा पडलेला दगड कदाचित तुमच्याच एखाद्या पूर्वजाचा असेल. पाचवीच्या पोराला हे वाचायला पाच मिनिटांत शिकवता येतं, आणि एकदा शिकलं की ते पोर आजूबाजूच्या चार गावांतले वीरगळ स्वतः शोधून काढतं.

अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेखही असाच. अभ्यासक त्याचा काळ शके 934, म्हणजे इसवी सन 1012 मानतात, म्हणजे मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी तो एक. जगी सुख नांदो अशा अर्थाने सुरू होतो, पुढे पश्चिम समुद्राचा अधिपती, कोकण चक्रवर्ती केसीदेवराय येतो. असा दगड कितीतरी वर्षं रस्त्याच्या कडेला उघड्यावर होता, बाजूने एसट्या जात होत्या, बीचवर जाणाऱ्या गाड्या जात होत्या. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळे खूश झालो, पण हजार वर्षांपूर्वीचा माणूस आपल्याच किनाऱ्यावर जगाला सुख मागत होता हे वाक्य कोकणातल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर नको का?

आता यावर लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि त्यातलं सगळंच चुकीचं नाही.

एक म्हणतात, जागा उघड केल्या की गुप्तधनवाले येतात. येतात, खरं आहे, वीरगळाखाली, पडक्या देवळात रात्रीचे खड्डे मारलेले आपण बघतो. पण गुप्तधनवाल्यांना जागा आधीच माहीत असतात, त्यांचं नेटवर्क पुरातत्त्व खात्यापेक्षा चांगलं आहे. जागा माहीत नसते ती बाकीच्या गावाला. आणि कोरलेली खूण म्हणजे खाली धन, ही समजूत टिकते ती कोरीव काम कशाचं ते कुणी सांगत नाही म्हणूनच. ज्या गावात पोरांना वीरगळ वाचता येतो तिथे रात्री कुदळीचा आवाज आला तर चार माणसं बॅटरी घेऊन बाहेर पडतील. अगदी नाजूक जागांचे जीपीएस आकडे जाहीर करू नका, ते मान्य आहे, पण गावाला तरी सांगा.

दुसरी भीती जमीनमालकांची, आणि ती मला सगळ्यात गंभीर वाटते. सड्यावरची बहुतेक शिल्पं खाजगी जमिनीत आहेत. सरकारला कळलं तर जमीन गेली, असं प्रत्येकाला वाटतं, म्हणून कित्येक जण गप्प बसतात, आणि काही जण, सांगायला वाईट वाटतं, रातोरात माती ओढून मोकळे होतात. ही भीती घालवायची तर कायदा सोप्या मराठीत सांगितला पाहिजे. केंद्राचं संरक्षित स्मारक झालं तर 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्याच्या पुढे 200 मीटरपर्यंत परवानगी लागते, हे 2010 पासून कायद्यातच लिहिलेलं आहे, आणि हो, त्याचा त्रास शेजारच्या घरांना होतो, मालवणात, विजयदुर्गात घराची पडवी वाढवायची तरी लोकांना हेलपाटे घालावे लागतात. पण प्रत्येक कातळशिल्प म्हणजे केंद्राचं संरक्षित स्मारक नव्हे, राज्याचा 1960 चा वेगळा कायदा आहे, आणि प्रत्येक वेळी जमीन ताब्यात घ्यायची गरज नसते. शेतात नाणी सापडली तरी असंच. 1878 च्या जुन्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या किमतीचं निधान सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, एवढं लोकांना माहीत असतं. पण त्याच कायद्यात शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला वाटा आणि मोबदला द्यायची तरतूद आहे हे कोण सांगतं? म्हणून नाणी सोनाराकडे वितळतात.

तिसरं, गर्दी होईल, रील काढायला झुंडी येतील. होईल. सिंधुदुर्ग किल्ल्यावर सीझनला होड्यांना रांगा लागतात त्या आपण बघतोच. पण गर्दी आज येतेच आहे, फक्त ती काही न कळता येते आणि न कळता जाते. त्या रांगेत शिवराजेश्वराचं देऊळ राजाराम महाराजांनी बांधलं हे किती जणांना माहीत असतं? समुद्राच्या मधोमध असलेल्या बेटावर विहिरींना गोडं पाणी कसं, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो आणि उत्तर चमत्कार असं मिळतं. गावातली पोरं नीट शिकून गाईड झाली, ज्या वस्तीत ती राहतात तिचा इतिहास त्यांनी सांगितला, तर गर्दीला वळणही लागेल आणि घरात चार पैसेही येतील.

आणि हे होतं, करून दाखवलेलं आहे. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाच्या परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा धरून ठेवली, आणि घरच्या गोठ्यात म्युझियम उभं केलं. गोठ्यात, बघा. चित्रकथीच्या जुन्या पोथ्या, चामड्याच्या बाहुल्या तिथे बघायला मिळतात, आणि नुसत्या काचेमागे नाही, घरची माणसं वाजवून, गाऊन, हलवून दाखवतात, शाळेच्या पोरांना हातात बाहुली देतात. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठी इमारत, मोठा निधी यातलं काही नसताना आधी सांगायची तळमळ होती, मग मान्यता आली.

मला जे हवंय ते फार खर्चाचं नाहीच. गॅझेटिअर, म्हणजे इंग्रजांनी काढलेले जिल्ह्यांच्या माहितीचे ग्रंथ बघा, रत्नागिरी आणि सावंतवाडीचा 1880 चा खंड सरकारने ऑनलाईन फुकट ठेवलाय, मराठी विश्वकोश फुकट आहे, केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचे वार्षिक अहवाल स्कॅन करून ठेवलेत. दापोलीजवळ पन्हाळेकाजीला 29 लेणी आहेत, त्यांचा सविस्तर अभ्यास केव्हाच छापून झालाय. माल तयार आहे, फक्त इंग्रजीत आहे, जाडजूड आहे आणि गावापासून लांब आहे. प्रत्येक गावाच्या वाट्याची दोन-चार पानं काढून, सोप्या मराठीत करून, त्या गावाच्या शाळेत, ग्रामपंचायतीत आणि वाचनालयात ठेवायची, बस. वाचनालयांची तर आपल्याकडे केवढी परंपरा, रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 पासूनचं आहे. खेडोपाडी ग्रंथालयं आहेत, ग्रंथपालाला जेमतेम पगार मिळतो, पण माणूस असतो, कपाट असतं, संध्याकाळी चार म्हातारी पेपर वाचायला येतात. तिथे एक फाईल ठेवा, आमचं गाव, आणि जो येईल तो त्यात आपल्या घरातला जुना फोटो, मोडीतला कागद, देवळाची जुनी हकीकत जोडत जाईल. मोडी कागद तर घरोघरी माळ्यावर पडलेत आणि वाळवी खातेय, निदान मोबाईलवर फोटो तरी काढून ठेवा, वाचणारा पुढे मिळेल.

शाळेचं म्हणाल तर चौथीत आपल्याकडे पूर्ण पुस्तक शिवाजी महाराजांवर आहे. हर्णैच्या शाळेतून सुवर्णदुर्ग रोज दिसतो, मालवणच्या शाळेतून सिंधुदुर्ग. पुस्तकातला धडा आणि खिडकीतला किल्ला एकमेकांना भेटवायला काय लागतं, एक होडी आणि एक दिवस. मास्तरांवर आधीच ढीगभर कामं आहेत, ऑनलाईन माहिती भरता भरता त्यांचा जीव जातो, म्हणून त्यांच्यावर अजून एक उपक्रम टाकून उपयोग नाही, त्यांना तयार पानं आणि सहलीचा खर्च द्यायला पाहिजे.

आणि अभ्यासाला येणाऱ्यांसाठी एक नियम पाहिजे, हा माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा. कुठल्याही संस्थेने, युनिव्हर्सिटीने, पीएचडीवाल्याने कोकणातल्या गावात येऊन फोटो काढले, मोजमापं घेतली, म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, तर काम झाल्यावर वर्षभरात त्याची मराठी प्रत गावाला दिलीच पाहिजे, आणि एक संध्याकाळ गावात येऊन ते समजावून सांगितलं पाहिजे. गाव त्यांना राहायला जागा देतं, जेवायला घालतं, सडा दाखवायला माणूस देतं, तेवढं परत मागायचा गावाला हक्क आहे. हा नियम करायला मंत्रालयाची वाट बघायची गरज नाही, ग्रामसभेच्या ठरावाने सुरुवात करता येते.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, यातल्या जी जवळ असेल त्या ग्रामसभेत विषय घ्या. गावातल्या जुन्या जागांची यादी करायची, शाळेची पोरं आणि दोन जाणती माणसं मिळून, फोटोसकट, जमीनमालकाला विचारून. यादीतल्या जागेला हात लावायचा असेल, मग ते जीर्णोद्धाराचं काम असो नाहीतर चिरेखाण, तर आधी ग्रामसभेत सांगायचं. अभ्यासकांनी प्रत द्यायची, हेही त्याच ठरावात. राज्य पुरातत्त्व खात्याचं विभागीय ऑफिस रत्नागिरीतच आहे, ठरावाची एक प्रत तिकडे पाठवा आणि सोबत लेखी मागा की आमच्या गावाबद्दल तुमच्याकडे जे काही आहे त्याची नक्कल द्या. नाही दिलं तर माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांचा अर्ज. आमच्या वाडीत यादीचं काम गणपतीत धरायचं ठरलंय कारण तेव्हा चाकरमानीही घरी असतात आणि म्हातारी माणसं बोलायला मोकळी असतात, ज्या गावांनी हे आधीच केलंय त्यांनी आपली यादी कशी केली ते जरूर कळवा.